वन्सं, ते ‘व्हय महाराजा’ माझं नव्हतं

वन्सं, परवा तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी बाजारातून मुडदुशे आणले. मासळीवालीने काही न विचारता नेहमीसारखे बारीक, ताजे निवडून दिले आणि म्हणाली, "बाईंना आता कसं वाटतंय?" तिला कळलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं आहे." घरी येऊन मासे ओट्यावर ओतले तेव्हा डोक्यात उजेड पडला, की आजाऱ्याला झेपतो म्हणून आपण हा मासा आणत होतो आणि आता घरात आजारी कोणी नाही. हे जेवायला बसले, ताटाकडे बघितलं आणि उठून गेले. सार मी एकटीनेच प्यायले. चांगलं झालं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सोलं जास्त घातलीस गो."

माशाला हात लावायला मला तुम्हीच शिकवलंत. मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा मासा मला फक्त पुस्तकातल्या चित्रात माहीत होता. पहिल्यांदा तुम्ही माझ्यापुढे बांगडे ठेवलेत आणि मी शेपटीला दोन बोटांनी धरून उभी राहिले. "अगो, मेलेला आहे तो, चावणार नाय," असं म्हणून तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की शेजारच्या घरातून विचारणा झाली. तेव्हापासून मी तुमची ‘घाटावरची’. भांडण झालं की घाटावरची, लाड करायचे असले तरी घाटावरचीच. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं नातं असतं म्हणतात. आपलंही होतंच. फक्त आपल्यात विळा कोण आणि भोपळा कोण हे दर आठवड्याला बदलायचं.

तुम्ही लग्न केलं नाहीत. वडील गेल्यावर कातळावरची आंब्याची बाग हातात घेतलीत आणि धाकट्या भावाला, म्हणजे यांना, शिकवलंत. हे आयुष्यभर कारकुनीत राहिले. बागेतलं यांना एवढंच कळतं, की आंबा गोड असतो. सुरुंग लावून फोडलेल्या जांभ्या दगडातल्या खड्ड्यांत वाढलेली ती कलमं तुम्ही पोरांसारखी वाढवलीत. त्यांच्याशी बोलायचात, त्यांना शिव्या द्यायचात. आणि बाग राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापुढचं गाऱ्हाणंही तुम्हीच घालायचात. खरं तर ते पुरुषांचं काम. पण वडिलांनंतर पहिल्या वर्षी म्हणे हे नारळ घेऊन उभे राहिले आणि शब्दच फुटेना. तुम्ही यांना बाजूला केलंत, पदर खोचलात आणि सुरू झालात. लग्न होऊन आलेल्या, घाटावरच्या मला ते सगळं नवीन. देवाशी एखादं माणूस समोर उभं असल्यासारखं मोठ्याने बोलायचं, आपलं सुखदुःख सांगायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ द्यायची. तुम्ही नावं घ्यायचात. भावाचं, माझ्या मुलाचं, शांताराम गड्याचं, एका वर्षी तर बागेतल्या कुत्र्याचंसुद्धा. माझं नाव मात्र कधी आलं नाही. मी ‘घरची माणसं’ या दोन शब्दांत. एकदा मी कुरकुरले तर म्हणालात, "तुझं नाव घेतलं तर राखणदार विचारील, ही कुठली?"

हसतच म्हणाला होतात. मला लागलं होतं, हे आज सांगते.

मग तो सुरण. आपल्या घरात अचानक सुरण इतक्यांदा शिजायला लागला, की मुलाने फोनवर विचारलं, सुरणाची शेती केली का. शौचाला रक्त पडतंय हे तुम्ही वर्षभर कुणाला सांगितलं नाहीत. मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवलंत, औषधही स्वतःच ठरवलंत. सुरण, ताक, झोपताना तूप. झाडाच्या पानावर ठिपका दिसला तर उलटसुलट करून बघणारी बाई तुम्ही, आणि स्वतःच्या अंगातलं रक्त बघून न बघितल्यासारखं केलंत. बागेत चक्कर येऊन बसलात तेव्हा कुठे दवाखान्याचं दार दिसलं. दुर्बीण घालून तपासणी झाली आणि इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला जायला सांगितलं. आंबा घाट चढताना गाडीत तुम्ही म्हणालात, "शेवटी नेलंसच ना मला घाटावर?" हे खिडकीबाहेर बघत होते. मी हसले आणि लगेच रडले.

तिथले सर्जन मृदू बोलणारे होते. तुम्हाला मावशी म्हणायचे. त्यांनी काही लपवलं नाही. आतड्यात कॅन्सरची गाठ आहे आणि तिची पिल्लं यकृतावर गेलीत, असं सरळ सांगितलं. यांच्या तोंडून निघालं, "म्हणजे आता..." सर्जन म्हणाले, "नाही काका, पूर्वी असं ऐकलं की लोक घरी न्यायचे. आता प्रत्येक वेळी तसं नसतं. आतड्याचा कॅन्सर फक्त यकृतावरच गेला असेल आणि डाग काढण्याजोगे असतील, तर ते कापून काढता येतात. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलं वाढतं. पण उरलेलं पुरेसं पाहिजे." तुमच्या उजव्या भागात डाग पसरले होते. डावा भाग स्वच्छ होता, पण लहान. म्हणून आधी केमो, मग आतड्याची गाठ काढायची. त्यानंतर यकृताच्या उजव्या भागाला रक्त नेणारी मोठी शीर आतून बंद करायची, म्हणजे सगळं रक्त डाव्याकडे जाईल आणि तो भाग वाढेल. तो पुरेसा वाढला की उजवा काढून टाकायचा. नुसते डाग काढून भागत नाही, भोवतालचा थोडा चांगला भागही घ्यावा लागतो, असं ते म्हणाले.

मी ऐकत होते आणि मला काही कळत नव्हतं. तुम्ही पुढे सरकलात. "म्हणजे आंब्यावरचं बांडगूळ," म्हणालात. सर्जनना कळेना. मग तुम्ही त्यांना समजावलंत. पाखरं एका झाडावरचं बी दुसऱ्या झाडावर टाकतात, ते फांदीवर चिकटतं आणि त्याची मुळं फांदीच्या आत शिरतात. वरचं बांडगूळ ओढून काढलं की आठवड्याभरात पुन्हा फुटतं. "चांगली वीतभर फांदी पण तोडायला हवी. चांगल्याची माया केली तर वाईट राहून जातं." सर्जन हसले आणि म्हणाले, "मावशी, माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला या."

शीर बंद केल्यावर आपण रत्नागिरीला परत आलो आणि वाट बघायचे आठवडे सुरू झाले. त्या आठवड्यांत तुम्ही जितक्या आनंदात होतात तितक्या आनंदात मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. पोटावर बरगडीखाली तळवा ठेवायचात आणि मला विचारायचात, "वाढतंय का गो?" जसं काही मी बाहेरून बघून सांगणार होते. दूधवाल्याला, मासळीवालीला, घरपट्टी भरायला गेलात तर तिथल्या कारकुनाला, सगळ्यांना सांगून झालं, की माझं यकृत वाढतंय. कोल्हापूरला पुन्हा फोटो काढले आणि डॉक्टर म्हणाले पुरेसं वाढलं, तेव्हा तुम्ही पिशवीतून आंबावड्यांचा डबा काढलात. तुम्ही तो आधीच भरून आणला होतात. नापास झालो असतो तर काय केलं असतं, असं मी विचारलं. "तर तूच खाल्ल्या असत्यास," म्हणालात.

मोठ्या ऑपरेशनच्या दिवशी हे आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खुर्च्यांवर बसून होतो. यांनी शब्द काढला नाही. मी सारखी बोलत होते, काय ते आता आठवत नाही. सर्जन बाहेर आले, त्यांचा चेहरा दमलेला होता. म्हणाले, "बांडगूळ निघालं. फांदीसकट." तिथल्या भिंतीला टेकून हे लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. नळ्याच नळ्या, ओठ कोरडे. तुम्ही विचारलंत, "किती गेला?" मी सांगितलं, अर्ध्याहून जास्त. "बरा झाला. ओझं कमी," असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. मी बाहेर येऊन कोपऱ्यातल्या गणपतीला हात जोडले. तुमचा राखणदार घाटाखाली राहिला होता, म्हटलं इथल्याला सांगून ठेवावं.

घरी आल्यावर मुडदुशाचं सार, मऊ भात, हळूहळू अंगणात फेऱ्या. तुमच्या पोटावर उजव्या कुशीपर्यंत गेलेला तो लांब व्रण. आंघोळीला मदत करताना मी नजर चुकवायचे. तुम्ही म्हणालात, "बघ गो नीट. पैसे दिलेत त्याचे." आणि मग दोन मोसम मिळाले, वन्सं. दोन अख्खे मोसम. तुम्ही बागेत उभ्या, हातात काठी, घशातून त्याच आरोळ्या. पेट्या भरल्या गेल्या, भाव पाडला म्हणून दलालाशी भांडलात. सगळं पूर्ववत झालं असं मी धरून चालले. ज्यांनी तुम्हाला ते दोन मोसम दिले त्या हातांना मी रोज नमस्कार करते. हे मनापासून सांगते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे त्यात राग आहे.

यंदा माघात रक्ताच्या तपासणीतला, कॅन्सर दाखवणारा आकडा चढला. फोटो काढले. नव्या वाढलेल्या यकृतात एक डाग दिसला. एकच. सर्जन म्हणाले, पुन्हा कापता येईल. पहिल्यापेक्षा अवघड आहे, आत सगळं चिकटलेलं असतं, शिरा जवळ आहेत, आणि उरणारा भाग कमी. धोका आहे. पण मी करायला तयार आहे. काहींना असं केल्यावर बरीच वर्षं मिळतात, काहींना पुन्हा येतं. तुम्ही ठरवा.

मी तिथेच ठरवून टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, "आंबा उतरू दे, मग बघू." भांडण गाडीतच सुरू झालं आणि ते आजपर्यंत संपलेलं नाही. मी म्हटलं, चांगल्याची माया करू नये हे तुम्हीच जगाला सांगता ना? तुम्ही म्हणालात, "फांदीवर फांदी तोडत गेलं की नुसता खोड उरतो गो. त्याला कोण झाड म्हणणार?" मी म्हटलं, खोडाला पालवी फुटते. तुम्ही म्हणालात, "सगळ्या खोडांना नाय फुटत." मी म्हटलं, डॉक्टर तयार आहेत. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरला तयार असायलाच पगार आहे." चहा ओतताना, कपडे वाळत घालताना, देवळाच्या पायरीवर, जिथे जागा मिळेल तिथे आपण भांडलो. हे मधे कधी पडले नाहीत. ना तुमच्या बाजूने, ना माझ्या. दोन बायकांच्या मधे बसून वर्तमानपत्र वाचत राहिले.

मग पहिला आंबा उतरवायच्या आधीचं गाऱ्हाणं आलं. तुम्ही वाळला होतात, पण पदर तसाच खोचलात. राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला. मागे हे, शांताराम, त्याची बायको आणि मी. वारा सुटला होता आणि उदबत्ती पेटत नव्हती. मी काड्यांवर काड्या ओढत होते, माझं सगळं लक्ष त्या काडेपेटीत. तुमचा आवाज कानावर येत होता आणि तोंड आपोआप साथ देत होतं. इतक्या वर्षांची सवय.

"बा महाराजा, कातळावरच्या राखणदारा, आज तुझ्यासमोर नारळ ठेवलाय तो मान्य करून घे."

"व्हय महाराजा."

"झाडाच्या फळाला, चढणाऱ्याच्या हातापायाला जप."

"व्हय महाराजा."

"माझ्या पोटात आता पुन्हा सुरी नको. जे काय दिवस असतील ते मला ह्या झाडांखाली दे."

"व्हय महाराजा."

"आणि माझ्यामागनं ही मंगल येईल तुझ्याकडे. घाटावरची आहे, पण आमची आहे. हिला ओळख दे."

"व्हय महाराजा."

शेवटची दोन्ही उत्तरं मी एकटीनेच दिली होती. उदबत्ती पेटली, मी मान वर केली आणि बघितलं तर हे गप्प, शांताराम गप्प, त्याच्या बायकोच्या तोंडाला पदर. मग मला कळलं, की मी कशाला होय म्हणाले.

परतताना टेम्पोत मी तुम्हाला विचारलं, हा काय चावटपणा? तुम्ही हसलात. "देवासमोर होय म्हणालीस. आता बदलता येत नाय." मी तुमच्याशी अबोला धरला. तुम्ही मात्र रोज सकाळी दारात उभ्या. "चल गो, बागेत जायचंय, मला एकटीला जमत नाय." मला वाटलं, थकलेल्या बाईला सोबत हवी. म्हणून तोंड फुगवून आले. तुम्ही सावलीत खुर्चीवर बसायचात आणि मला उन्हात फिरवायचात. हा तयार, हा नाय. देठ ठेवून उतरव, चीक लागला की साल काळी पडते. खोक्यात गवत असं घाल. फाटकाजवळच्या कलमावर काठीने दाखवलंत, "तिथे बांडगूळ धरतंय. पाऊस गेला की काढायचं." मी विचारलं, मला कशाला सांगता, शांतारामला सांगा. तुम्ही पाणी प्यायलात आणि दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवलंत. मोसम संपला आणि मला अख्खी बाग पाठ झाली होती. कुठल्या शाळेत बसवलंत ते मला निकाल लागल्यावर कळलं.

आंबा उतरला. ‘मग बघू’ची वेळ आली तेव्हा डाग एकाचे अनेक झाले होते आणि फुप्फुसातही दिसत होते. आता सुरीचा उपयोग नव्हता. तुमच्या नकळत मी सर्जनना फोन केला. तेव्हाच केलं असतं तर? ते म्हणाले, "ताई, कदाचित वेळ मिळाला असता. कदाचित ऑपरेशनमध्येच मावशी गेल्या असत्या. मला खरंच सांगता येणार नाही." वन्सं, मला हे ‘सांगता येणार नाही’ गिळता येत नाही. कोणी ठामपणे सांगावं, की काही उपयोग नव्हता, म्हणजे मी शांत होईन. नाहीतर सांगावं, की उपयोग होता, म्हणजे तुमच्यावर पोटभर रागावता येईल. मधल्या मधे मला लटकवून गेलात.

गोळ्या घेतल्यात, मळमळायला लागलं तशा सोडल्यात. गणपतीत डोळे पिवळे झाले. आरतीला खुर्चीवर बसून टाळ वाजवलेत, मोदक एक घास खाल्लात. शेवटच्या दिवसांत पाणीसुद्धा चमच्याने. त्या सकाळी मी तुमचं तोंड पुसत होते. तुम्ही विचारलंत, "पाऊस गेला काय गो?" म्हटलं, गेला, ऊन पडलंय. तुम्ही खिडकीकडे बघितलंत. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलंत, जसं फळ उतरवल्यावर कलमाच्या बुंध्यावर थोपटायचात. दुपारच्या आत तुम्ही गेलात. मला तुम्हाला खूप काही सांगायचं होतं. या घाटावरचीची तुम्ही इथली आई झालात, हे सांगायचं होतं. पण त्याआधी मला भांडण जिंकायचं होतं, आणि त्याच नादात वेळ गेला.

आज मुडदुशाचं सार पिऊन झाल्यावर मी यांना म्हटलं, चला, बागेत जाऊ. पावसानंतरची कामं सुरू करायची तर नारळ ठेवायला हवा. हे आले. शांताराम आधी फाटकाजवळच्या कलमावर चढला. बांडगूळ चांगलं गुबगुबीत झालं होतं. त्याने कोयता त्याच्या अगदी मुळाशी लावला. मी खालून ओरडले, "अजून मागे घे. वीतभर."

"वैनी, एवढी चांगली फांदी?"

"जाऊ दे चांगली."

फांदी खाली पडली. मी ती पानं हातात घेऊन बघितली, हिरवीगार होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग आम्ही राखणदाराच्या दगडापुढे उभे राहिलो. शांतारामने नारळ पुढे केला. हे हात जोडून उभे होते, आणि वडिलांनंतरच्या त्या पहिल्या वर्षासारखे यांना शब्द फुटेनात. मी वाट बघितली. मग यांना बाजूला केलं आणि पदर खोचला.

"बा महाराजा, मी मंगल. माझी ओळख तुला करून दिलेली आहे."

"व्हय महाराजा," मागून दोघांचे आवाज आले.

"तुझ्यासमोर नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे. झाडांना जप, माणसांना जप."

"व्हय महाराजा."

"आमच्या वन्सं तुझ्याकडे आल्या असतील. त्यांना सावलीत बसायला दे. पाणी दे. त्या ओरडल्या तर मनावर घेऊ नको."

"व्हय महाराजा."

"आणि त्यांना सांग, ऑपरेशनला नको म्हणाल्या ते मला पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. त्या मला अजून हव्या होत्या."

मागे कोणी बोललं नाही. मी मान वळवली नाही, दगडाकडेच बघत राहिले. मग एक आवाज आला, फुटलेला, पण सगळ्या बागेला ऐकू जाईल इतका मोठा. या भांडणात आजवर कधीच तोंड न उघडलेल्या, तुमच्या धाकट्या भावाचा.

"व्हय महाराजा."